बाळू पालवणकर आणि चेंडूचे गणित

अकरावीला विज्ञान शाखेत गेलेल्या मुलांना प्रक्षेपित वस्तूची गती हे प्रकरण हमखास छळते. अमुक वेगाने, अमुक कोनात फेकलेला गोळा किती दूर पडेल? सूत्रे पाठ होतात, गुणही मिळतात. पण या गणिताचा आपल्या जगण्याशी काय संबंध, हे अनेकांना शेवटपर्यंत उमगत नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यात देवळालीला लष्कराची तोफखान्याची शाळा आहे. तिथल्या जवानांना हे गणित चुकवून चालत नाही. आज मात्र तोफेच्या गोळ्याऐवजी क्रिकेटच्या चेंडूची गोष्ट सांगायची आहे आणि तो चेंडू टाकणाऱ्या एका माणसाची. या माणसाने भौतिकशास्त्राचे हे प्रकरण कधी वाचले नव्हते. त्याचे शिक्षण लवकरच सुटले होते. पण त्या प्रकरणातले प्रत्येक उदाहरण तो रोज हाताने सोडवत होता. त्यांचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाडचा. कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवणचे, म्हणून आडनाव पालवणकर. समाज चर्मकार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. वडील लष्कराच्या सेवेत होते आणि त्यामुळे कुटुंब पुण्यात आले. लष्करी छावणीतले गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ खेळायला शिकले. शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे तिन्ही भाऊ पुढे नामवंत खेळाडू झाले.

घरची परिस्थिती बेताची होती. बाळूंनी आधी पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम धरले. पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये मिळू लागले. काम तेच : रोलर ओढायचा, रेषा आखायच्या, जाळी बांधायची. त्यात एका कामाची भर पडली. साहेब लोक सरावाला आले की त्यांना गोलंदाजी करायची. हे काम बाळूंनी असे काही केले की क्लबातले चांगले फलंदाज त्यांच्यासाठी थांबू लागले. त्यांत कॅप्टन ग्रेग हा अव्वल फलंदाज होता. तो पुढे इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडूनही खेळला. ग्रेग रोज सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचा आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावायचा. आपल्याला बाद केले की तो त्यांना आठ आणे द्यायचा, अशी आख्यायिका आहे. म्हणजे आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार वसूल!

बाळू डावखुरे मंदगती गोलंदाज होते. मंदगती गोलंदाजाकडे वेगाचा धाक नसतो. मग त्याच्याकडे असते तरी काय? इथेच आपले भौतिकशास्त्र कामाला येते.

फेकलेल्या चेंडूच्या वेगाचे दोन भाग पाडता येतात : एक आडवा, फलंदाजाच्या दिशेने जाणारा आणि दुसरा उभा, वर किंवा खाली जाणारा. वेगाला जसे मोजमाप असते तशी दिशाही असते. अशा राशींना आपण सदिश म्हणतो आणि सदिशाचे असे भाग करता येतात. गंमत अशी की हे दोन भाग एकमेकांच्या कामात लुडबूड करत नाहीत. गुरुत्वाकर्षण फक्त उभ्या भागावर काम करते. आडवा भाग, हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर, आहे तसाच राहतो. या दोन गती एकत्र आल्या की चेंडूचा मार्ग अन्वस्त नावाच्या वक्राचा होतो. हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले.

आता आकडे घालून पाहू. गोलंदाजाच्या हातातून चेंडू जमिनीपासून साधारण २.१ मीटर उंचीवर सुटतो. समजा, त्याचा आडवा वेग सेकंदाला २० मीटर आहे, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. टप्पा १४ मीटरवर पडायला हवा असेल, तर चेंडूला हवेत ०.७ सेकंद मिळतात. एवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला २.४ मीटर खाली ओढते. हात मात्र २.१ मीटरवरच आहे. म्हणून चेंडू सोडताना तो किंचित वर, सेकंदाला सुमारे ०.४ मीटर इतक्या वेगाने ढकलावा लागतो. फलंदाजाला हाताची ही लकब दिसते आणि टप्पा कुठे पडणार याचा अंदाज तो मनात बांधतो.

पुढच्या चेंडूला गोलंदाजाने हात तसाच फिरवला, वरची ढकलही तेवढीच दिली. फक्त आडवा वेग २० ऐवजी १८ मीटर केला. हवेतला वेळ उभ्या गतीवर ठरतो, त्यामुळे तो पुन्हा ०.७ सेकंदच राहील. पण तेवढ्या वेळात चेंडू १४ मीटरऐवजी १२.६ मीटरवरच पडेल. फलंदाज पाय पुढे टाकून बॅट फिरवतो आणि टप्पा त्याच्या अंदाजाच्या जवळजवळ दीड मीटर अलीकडे पडलेला असतो. झेल उडतो किंवा यष्टिरक्षक बेल्स उडवतो. बाळूंच्या गोलंदाजीचे जे वर्णन त्या काळच्या लोकांनी करून ठेवले आहे, त्यात वेगातला हा बेमालूम बदल ठळकपणे येतो. हाताच्या फिरण्यात फरक दिसत नसे, पण चेंडू वेगळाच निघे.

हे वाचायला सोपे आहे, करायला महाकठीण. आपल्या उदाहरणात चेंडू सुटण्याचा कोन फक्त एका अंशाने चुकला, तरी टप्पा सुमारे पाऊण मीटर पुढेमागे होतो. एक अंश म्हणजे किती? घड्याळाच्या तबकडीवरच्या दोन मिनिटांच्या खुणांमध्ये सहा अंश असतात. त्याचा सहावा भाग! इतका बारीक हिशेब मनात आकडेमोड करून होत नाही. तो करतो आपला लहान मेंदू, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला अनुमस्तिष्क. खांदा, कोपर, मनगट आणि बोटे यांतून येणारे संदेश तो क्षणाक्षणाला पडताळतो. टाकलेला चेंडू आणि टाकायचा असलेला चेंडू यांतला फरक पाहून पुढच्या वेळी स्नायूंना किंचित वेगळा हुकूम देतो. हजारो वेळा हे घडले की हालचाल अंगवळणी पडते. आपण अंगवळणी पडणे हा शब्द सहज वापरतो, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो अगदी नेमका आहे. पूना क्लबाच्या जाळीत बाळूंनी जे तासन्‌तास घालवले, ते या वळणाचे तास होते.

मात्र याच गोष्टीची दुसरी बाजूही पाहा. त्या क्लबात बाळूंना एकदाही फलंदाजी करू दिली गेली नाही. बॅट धरणे हा साहेबांचा हक्क आणि चेंडू टाकणे हे नोकराचे काम, अशी वाटणी होती. सराव मिळाला तो हात घडला. जिथे सरावच नाकारला, तिथे काय घडू शकले असते, हे कुणालाही मोजता येणार नाही. गुणवत्ता जन्मजात असते असे आपण पटकन म्हणून टाकतो. डॉक्टर म्हणून मला त्यात भर घालावीशी वाटते. मेंदू आणि स्नायू संधी मिळेल तसे घडतात; संधी नसेल तर गुणवत्ता असूनही दिसत नाही.

बाळूंची कीर्ती पुण्याच्या हिंदू क्लबापर्यंत पोहोचली. युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवाच, हे सर्वांना कळत होते. पण त्याला संघात घ्यायचे की नाही यावर सभासदांत मतभेद झाले. शेवटी घेतले. मैदानावर सगळे त्याच एका चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र इतरांना चिनी मातीच्या कपांतून चहा आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या फेकून द्यायच्या भांड्यात. जेवणही वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. हात-तोंड धुवायचे असेल तर पाणी आणून द्यायला वेगळा माणूस.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धचा सामना या काळातला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून ती टणक आणि गुळगुळीत केली, असे सांगतात. यामागेही भौतिकशास्त्र आहे. फिरत येणारा चेंडू जमिनीला टेकतो तेव्हा चेंडू आणि माती यांच्यात घर्षण होते. चेंडूचा खालचा भाग ज्या बाजूला घासतो, त्याच्या उलट बाजूला माती त्याला ढकलते. हे आडवे बल चेंडूच्या सरळ वेगात मिसळले की दोन्ही सदिशांची बेरीज तिरपी होते आणि चेंडू वळतो. खेळपट्टी गुळगुळीत असेल तर पकड कमी, घर्षण कमी आणि वळणही कमी. यजमानांचा तर्क बरोबर होता. पण ज्याने स्वतः वर्षानुवर्षे रोलर ओढला, त्याला खेळपट्टीचा स्वभाव त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होता. बाळूंनी सात बळी घेतले आणि पुणेकर जिंकले. या विजयानंतर न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनी त्यांचे जाहीर कौतुक केल्याचे सांगितले जाते.

गोलंदाजाचे आणखी एक हत्यार जमिनीवर नव्हे तर हवेत चालते. १६७२ साली, म्हणजे आपल्या बागलाणात साल्हेरजवळ मराठ्यांनी मोगल फौजेला उघड्या मैदानात हरवले त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये आयझॅक न्यूटनने एका पत्रात वेगळीच नोंद केली होती : रॅकेटने तिरपा मारलेला चेंडू हवेत वळतो. पुढे १८५२ साली जर्मनीच्या हाइनरिख मॅग्नसने फिरणाऱ्या वस्तूवर हवेमुळे येणाऱ्या या बलाचा प्रयोगाने अभ्यास केला. आज ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. चेंडू पुढच्या बाजूला फिरत असेल तर हे बल त्याला खाली दाबते. चेंडू अपेक्षेआधीच बुडतो. तो आडव्या अंगाने फिरत असेल तर हवेतच बाजूला सरकतो. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चांगला चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजाकडे हवेत आत येतो आणि टप्पा पडल्यावर बाहेर जातो. गुरुत्वाकर्षण, हवेचा अडथळा, फिरकीचे बल आणि शेवटी मातीचे घर्षण. जेमतेम १६० ग्रॅम वजनाच्या चेंडूवर एवढी बले काम करतात आणि त्या सगळ्यांची बेरीज फलंदाजाने एका सेकंदाच्या आत करायची असते.

पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा बाळू कुटुंबासह मुंबईला गेले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही काही सभासदांनी नाके मुरडली, पण बाळूंना संघात जागा मिळाली. रेल्वेत नोकरीही लागली. मग फेब्रुवारी १९०६चा तो सामना आला. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० धावांत बाद झाले. युरोपियनांना जिंकायला २१२ हव्या होत्या. ते १०२ धावांतच गारद झाले. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच बळी घेतले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात १०९ धावांनी हरवले, ही बातमी देशभर गेली. हा विजय एका अस्पृश्य मानलेल्या खेळाडूला बरोबर घेतल्यामुळे शक्य झाला, हे सुधारक मंडळींनी आवर्जून दाखवून दिले. पंगतीची बंधने मुंबईत हळूहळू सैल झाली.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीचे. परका देश, गार हवा, ओल्या खेळपट्ट्या. भारतीय संघ १४ प्रथम श्रेणी सामन्यांपैकी फक्त दोन जिंकला. लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्ध. बाळूंनी मात्र प्रथम श्रेणी सामन्यांत ७५ आणि सगळे सामने धरून ११४ बळी घेतले.

इथे वैद्यकीय बाजू सांगितलीच पाहिजे. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. म्हणूनच हात चौफेर फिरतो आणि म्हणूनच तो सहज दुखावतोही. चार लहान स्नायू त्या चेंडूला बशीत धरून ठेवतात. गोलंदाजाने शेकडो वेळा हात फिरवला की आधी हे स्नायू थकतात, मग त्यांच्या शिरांना सूज येते. मोसम नदीकाठी दिवसभर क्रिकेट खेळणारी नामपूरची मुलेही याला अपवाद नाहीत. वाढत्या वयात हाडांची टोके अजून कच्ची असतात. त्यामुळे गोलंदाजीआधी अंग मोकळे करणे, थकल्यावर थांबणे आणि रोज रोज एकाच मुलावर सगळी षटके न लादणे एवढे पाळावे. रात्री खांदा ठणकत असेल, हात डोक्यावर नेताना कळ येत असेल, तर तेल चोळून पुन्हा मैदानात पाठवू नये, डॉक्टरांना दाखवावे.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईतल्या दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र कॉलेजात शिकणाऱ्या एका विशीतल्या तरुणाने लिहिले होते, असे सांगतात. त्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर. बाळू तेव्हा त्या समाजाचे सर्वांत प्रसिद्ध नाव होते.

एवढे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. ज्येष्ठता त्यांची, बळी त्यांचे, पण मान दुसऱ्यांना. १९२० साली हा वाद उघड्यावर आला. शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला आणि वर्तमानपत्रांत चर्चा झाली. अखेर बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि कर्णधार मैदानाबाहेर असताना काही काळ त्यांनी संघ सांभाळला. बाळूंचा प्रथम श्रेणीचा खेळ तिथेच संपला : ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला. थोरल्या भावाला बंद असलेले दार धाकट्यासाठी उघडले.

पुढे बाळू सार्वजनिक कामात उतरले. सप्टेंबर १९३२च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत त्यांचेही नाव आहे. अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा त्यांचा मार्ग बाबासाहेबांपेक्षा वेगळा होता. १९३७च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्धच उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. एकेकाळी ज्याच्या सत्काराला आपण झटलो, त्याच्याशी बाबासाहेबांना लढावे लागले. कोणाचा मार्ग बरोबर होता हा या स्तंभाचा विषय नाही. पण दोन हजार मतांचा फरक पाहिला, तर निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही लोकांच्या मनात बाळूंना केवढी जागा होती, हे समजते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरवणारा कायदा त्याच वर्षी झाला.

भौतिकशास्त्र शिकताना आपण वेगाचे आडवा आणि उभा असे दोन भाग पाडतो आणि ते एकमेकांवर परिणाम करत नाहीत हे सूत्र म्हणून मान्य करतो. बाळूंच्या आयुष्यातही असेच दोन भाग होते. मैदानावर बळींचा आकडा वाढत होता आणि मैदानाबाहेर चहाचे भांडे वेगळेच राहत होते. एका बाजूच्या यशाने दुसऱ्या बाजूची जागा आपोआप बदलली नाही. ती बदलायला माणसांनी भांडावे लागले, भावांनी खेळ सोडावा लागला, वर्तमानपत्रांना लिहावे लागले आणि कायदा करावा लागला. चेंडूच्या बाबतीत हे दोन भाग वेगळे ठेवणे हा निसर्गाचा नियम आहे. माणसाच्या बाबतीत ते वेगळे ठेवले होते माणसांनीच.

घरात अकरावीचे कुणी हे प्रकरण घोकत बसले असेल, तर त्याला पुस्तक बाजूला ठेवून अंगणात किंवा गल्लीत न्या. चेंडू तोच, हाताची उंची तीच, वरची ढकलही तीच ठेवा. फक्त पुढचा वेग कमी-जास्त करून टप्प्याच्या जागी खडूने खुणा करा. दहा-बारा चेंडूंत सूत्र डोळ्यांसमोर उभे राहील. आणि गल्लीतली बाकीची मुले-मुली बघायला जमली, तर चेंडू आणि बॅट आळीपाळीने सगळ्यांच्याच हातात द्या.